आग्रहाची अट

पॉलिसीकाकूंना कोणी आनंदाची बातमी सांगितली की त्या आधी "अरे वा" म्हणत आणि लगेच विचारत, "आणि काही झालं तर?" बाळ झालं, घर घेतलं, मुलगी गाडी शिकली, प्रश्न तोच. अमेरिकेत डेट्रॉईटजवळच्या नोव्हाय गावातल्या मराठी मंडळींचे निम्मे विमे त्यांनीच उतरवलेले. मी शिकायला आले तेव्हा त्यांच्या बेसमेंटमध्ये राहत होते. माझ्या जुनाट सायकलचाही विमा काढायचं त्यांच्या मनात होतं.

हा प्रश्न त्यांना उगाच सुचला नव्हता. आपल्याकडे जेवणाचा आग्रह असतो. इथे आलेल्यांनी तो दारूपर्यंत नेला. घरात देव आणि वडीलधारे, म्हणून बार गॅरेजमध्ये. यजमान स्वतः ओतणार आणि वर "माझी शपथ आहे" म्हणणार. यात भालेरावांचा हात धरणारं कोणी नव्हतं. काकूंचे मिस्टर, अरुणकाका, हे एका पेगचे गृहस्थ. भालेरावांच्या पार्टीत शपथेवर शपथ घालून त्यांना पाजली गेली. काकू तापामुळे घरी होत्या. काका एकटेच गाडी घेऊन निघाले, ते घरी पोचलेच नाहीत.

नंतर भेटायला आलेले भालेराव सगळ्यांदेखत म्हणाले, "मी काय त्याच्या घशात ओतली? पिणाऱ्याची जबाबदारी त्याची." मी तेव्हा चहाचे कप फिरवत होते. एक कप त्यांच्या अंगावर उपडा करावा असं फार वाटलं. काकूंनी मात्र शांतपणे त्यांच्यापुढे बिस्किटं सरकवली. लोक गेल्यावर मला म्हणाल्या, "हे वाक्य मी त्याच्याच तोंडून उलटं वदवून घेईन. बघशील तू."

त्यानंतर बरीच वर्षं गेली. भालेरावांच्या मुलीचं लग्न घरीच, मागच्या लॉनवर ठरलं. दारू प्यायलेल्या पाहुण्याचं काही बरंवाईट झालं तर दावा घरमालकावर येऊ शकतो, म्हणून त्या दिवसापुरता विमा हवा होता. तो मागायला हा माणूस आला कोणाकडे, तर काकूंकडे. कोडगेपणाला काही सीमा असते.

"वहिनी, घरी बार ठेवतोय. कव्हर करून द्याल ना?"

"देते की. पण अटी आहेत, भाऊजी. लायसन्सवाला बारटेंडर हवा. तुम्ही बाटलीला हात लावायचा नाही. आणि बार उघडण्याआधी यजमानानं माईकवर एक सूचना वाचायची. मी लिहून देईन."

"हे काय नवीन?"

"अमेरिका आहे," काकू म्हणाल्या. ते त्यांना लगेच पटलं.

लग्न छान लागलं. संध्याकाळी बारटेंडर लॉनवर ग्लास मांडून उभा राहिला, तेव्हा भालेरावांनी काकूंनी दिलेला कागद उघडला. त्यांचा चेहरा उतरला. ते कागद डीजेच्या हातात देऊ लागले. डीजे बिचारा डेट्रॉईटचा, त्याला मराठी कुठून येणार? पहिल्या रांगेतून काकू गोड आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, यजमानानंच वाचायचं. नाहीतर विमा लागू नाही."

व्याही बघत होते, पाहुणे ताटकळले होते. भालेरावांनी वाचलं, "आज माझ्या घरी कोणालाही आग्रह करून दारू पाजली जाणार नाही. जो पाजेल..." इथे त्यांनी कागदावरून मान वर केली. अरुणकाकांना ओळखणारी सगळी जुनी मंडळी तिथे होती. "जो पाजेल, जबाबदारी त्याची."

काकूंनी पर्समधून रुमाल काढला आणि शांतपणे डोळे पुसले. मला इतका आनंद झाला की मी जिलब्या मोजल्या नाहीत.

घरी येताना गाडीत मी विचारलं, "काकू, कंपनीची अशी अट खरंच असते?"

"बारटेंडरची असते."

"आणि माईकवरची?"

"ती माझी," त्या म्हणाल्या आणि सीट मागे करून झोपल्या.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. पण भालेरावांच्या घरी ऐकलेली ती सूचना गावात रुळली. आता घरी लग्न असलं की प्रत्येक यजमान ती इमानदारीत वाचतो. न वाचली तर विमा जातो, अशी सगळ्यांची खात्री आहे. ती अट कंपनीची नाही हे मला एकटीलाच माहीत आहे, आणि मी ते कोणालाही सांगणार नाही. भालेरावांना प्रत्येक लग्नाचं आमंत्रण असतं. मी मुद्दाम त्यांच्यासमोरची खुर्ची पकडते.