घाईत असलेले गृहस्थ

जूनमधला मंगळवार. भाडे पंधरा रुपये. हजर: इंदूरला नवखा मी, शेअर व्हॅनचा चालक आणि घाईत असलेले एक गृहस्थ.

भंवरकुआंच्या हॉस्टेलमध्ये मुलीसाठी धरून ठेवलेली खोली अकरानंतर दुसऱ्याला जाणार होती. पोलोग्राउंडला दोन व्हॅन उभ्या होत्या. मागची रिकामी होती. पुढच्या व्हॅनमध्ये हे गृहस्थ मांडीवर बॅग घेऊन सारखे घड्याळ पाहत होते. "चलो भिया, रोज लेट झालं तर साहेब काय म्हणतील?" वेळेची एवढी तळमळ मी माझ्या सबंध नोकरीत पाहिली नाही. व्हॅन आता सुटणार असे समजून मी चढलो. माझ्यामागून आणखी सहा जण चढले.

व्हॅन भरताच गृहस्थ उतरले, चालकाकडून दहाची नोट घेतली आणि मागच्या व्हॅनमध्ये जाऊन बसले. पुन्हा बॅग मांडीवर, पुन्हा घड्याळ.

मी खिडकीतून विचारले, "तुम्हाला ऑफिस नाही का?"

"हेच ऑफिस, भाऊसाहेब. रिकाम्या गाडीत पब्लिक बसत नाही ना."

त्यांची जागा भरेपर्यंत चालक हलेना. मी ओरडू लागलो, "चला हो, माझी खोली जाईल." ते ऐकून एक बाई धावत येऊन बसल्या.

मागून गृहस्थ म्हणाले, "वा भिया, तुमची घाई तर एकदम असली वाटते."

अकराला पाच कमी असताना पोहोचलो. खोली मिळाली. चालकाला मी पंधरा रुपये दिले. एक सवारी बसवून दिल्याबद्दल त्याने मला काही दिले नाही.