कावळ्यांशी उभा दावा

नेरुळच्या समस्त कावळ्यांशी माझं वैर आहे आणि त्यात चूक पूर्णपणे कावळ्यांची आहे.

नव्वदीतली गोष्ट. परळच्या चाळीतून आम्ही नेरुळला राहायला आलो, तेव्हा तिथे बिल्डिंगांपेक्षा बिल्डिंगांचे पायेच जास्त होते. पण आमच्या बाल्कनीसमोर एक शिरीष होता आणि त्यावर चैत्र लागला की कोकीळ गायचा. परळहून पाहुणे आले की मी त्यांना आधी बाल्कनीत न्यायचो, चहा नंतर (जणू कोकीळ मीच पगारावर ठेवला होता!). त्याच झाडावर एका कावळ्याच्या जोडप्याने घर केलं. तेही साध्या काटक्यांचं नाही, तर शेजारच्या बांधकामावरून चोरून आणलेल्या तारांचं! वर कोकीळ दिसला रे दिसला की दोघं त्याच्यावर तुटून पडायची. म्हणजे मेंटेनन्स मी भरायचा आणि माझ्या गवयाला हाकलणार हे! माझं डोकंच फिरलं. एका रविवारी बाल्कनीतून बांबू घालून मी ते घरटं खाली पाडलं.

माझी बायको शाळेत विज्ञान शिकवते. खाली पडलेल्या तारा बघून ती शांतपणे म्हणाली, "अहो, कोकिळा स्वतः घरटं बांधत नाही. कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. तुम्ही तिचंच बाळंतपण मोडलंत."

हे तिने मी बांबू शोधत होतो तेव्हा सांगायला नको? कोकीळ आठवडाभरात गायब झाला. कावळे मात्र कुठेही गेले नाहीत. मी गेटाबाहेर पाऊल टाकलं की डोक्यात टोच! बायको शेजारून चालत असली तरी तिला सोडून मलाच. वैशाखाच्या उन्हात छत्री उघडून भाजी आणणारा नेरुळमधला मी एकटाच असेन. पुढे पावसाळाभर हेच चाललं.

मग भाद्रपदात बाबांची तिथी आली. आमच्याकडे कावळा पानाला शिवल्याशिवाय कोणी जेवत नाही. गच्चीवर वडे, खीर, अळूची भाजी असं पान ठेवलं आणि थोरला मुलगा म्हणून मी हात जोडून उभा राहिलो. कावळे पाण्याच्या टाकीवर ओळीने बसले होते. पानाकडे बघत, माझ्याकडे बघत, जागचे हलत नव्हते. दुपार उलटली. आईला मधुमेह. तिचे हात थरथरायला लागले, पण ती पाणीसुद्धा घेईना. मला आता खरोखर भीती वाटू लागली.

"त्यांची काहीतरी इच्छा राहिलीय," आई म्हणाली. "काय असेल ते कबूल कर."

मी सिगारेट सोडायचं कबूल केलं. कावळा येईना. गावच्या घराची कौलं बदलतो म्हणालो. तरी येईना. तेव्हा डोंबिवलीहून आलेला माझा धाकटा भाऊ दिलीप हळूच म्हणाला, "दादा, बाबांना वाटायचं, तुझी स्कूटर मला मिळावी."

बाबांना असं कधीही वाटलेलं नव्हतं! पण आईचा चेहरा बघितला आणि स्कूटरही कबूल केली. एका कावळ्याने नुसती मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं.

शेवटी बायकोच पुढे झाली. "आई, बाबांचं काही राहिलेलं नाही. ह्यांचं कावळ्यांशी भांडण आहे. ह्यांना खाली पाठवा."

मी भयंकर संतापलो. बाबांचा थोरला मुलगा मी, आणि बाबांच्या जेवणात अडचण मीच? मी हे सगळं ऐकवणार होतो, पण आई एवढंच म्हणाली, "जा रे बाबा, मला भूक लागलीय."

मी जिन्यात शिरून दार लावतोय तोवर वड्यांवर झुंबड उडाली! आई जेवली, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मला वाढताना बायको म्हणाली की एक जीव दुसऱ्यावर कसा अवलंबून असतो, हे त्यांच्या शाळेत पाचवीला शिकवतात.

दिलीपने स्कूटर त्याच संध्याकाळी नेली. आणि तेव्हापासून दरवर्षी तिथीला सगळं घर गच्चीवर जातं आणि घरातल्या कर्त्या पुरुषाला बाथरूममध्ये बसवून बाहेरून कडी लावतात. बाबा जेवले की मग मला काढतात.