परवाना, एक नग

त्या प्रकरणातले बहुतेक सारे आजही मला स्पष्ट आठवते. सर्वांत आधी आठवतो तो वास. भाजलेल्या बाजरीचा आणि कोंबडीच्या कलेजीचा असा तो मिश्र वास होता आणि खरे सांगायचे तर तो वाईट नव्हता. जेवणाची वेळ टळून गेली होती. पंचनाम्याची तयारी सुरू असताना माझ्यासोबतच्या हवालदाराने हळूच विचारले, "साहेब, हे माणसाला चालतं का?" तो कारखाना कुत्र्यांची बिस्किटे बनवण्याचा होता.

माझ्या निवृत्तीला तेव्हा जेमतेम वर्ष उरले होते. फौजदारी कायदे नव्याने बदलले होते आणि नव्या संहितेची पुस्तिका माझ्या टेबलावर सतत उघडी असे. एका सोमवारी सकाळची हजेरी आटोपत असताना चिखली भागातले एक फरसाण व्यावसायिक ठाण्यात आले. त्यांच्या एका हातात स्वतःच्या शेवेचे पाकीट होते आणि दुसऱ्या हातात कुत्र्याच्या बिस्किटांचे. दोन्ही पाकिटे त्यांनी माझ्यासमोर आपटली.

"वाचा साहेब. दोन्हीवरचा नंबर वाचा."

अन्नपदार्थ बनवणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो आणि त्याचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो, एवढे मला ठाऊक होते. दोन्ही पाकिटांवर तो क्रमांक एकच होता.

"माझा नंबर आहे हा. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी दोन्ही फोटो शेजारी शेजारी टाकले, खाली लिहिलं, 'मालक आणि मोती, दोघांची एकच भट्टी.' लोक हसतायत साहेब. तळवड्याच्या एका कंपनीच्या कँटीननं आजपासून माल थांबवलाय."

हवालदाराने खिडकीकडे तोंड फिरवले. तो का वळला हे मला समजले, पण तक्रारदाराच्या डोळ्यांत पाणी होते. तक्रार नोंदवून घेतली. परवाना देणाऱ्या कार्यालयाला त्याच दिवशी पत्र पाठवले आणि दोन बाबी विचारल्या: हा क्रमांक कोणाचा आहे, आणि कुत्र्यांच्या खाद्याला असा परवाना दिला जातो काय.

बिस्किटांचा कारखाना शोधायला कष्ट पडले नाहीत, कारण पाकिटावर पत्ता ठळक आणि अचूक छापलेला होता. ही गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. बनावट माल विकणारा माणूस पत्ता अर्धवट देतो; येथे तर गाळा क्रमांकानंतर 'पाण्याच्या टाकीसमोर' असेही लिहिले होते.

गाळ्यात एक पन्नाशीचे गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी काम करत होत्या. ते चाकणच्या एका कंपनीत बावीस वर्षे होते. बाहेरून येणारे सुटे भाग तपासून आत घ्यायचे, हे त्यांचे काम. कंपनीने तो विभाग बंद केल्यावर त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि हा उद्योग सुरू केला. आम्ही आत गेलो तेव्हा ते एका बिस्किटाची जाडी व्हर्निअरने मोजत होते. पोलीस पाहूनही त्यांनी आधी माप पूर्ण केले, आकडा लिहिला आणि मग ते उठले.

त्यांना मी बरेच प्रश्न विचारले, आणि प्रामाणिकपणे सांगतो, त्यातले निम्मे केवळ कुतूहलापोटी होते. बाजरीच का? गव्हाने काही कुत्र्यांना खाज सुटते म्हणून. मीठ? नाही. भोपळा कशासाठी? पोट साफ राहण्यासाठी. प्रत्येक घाण्यातले एक पाकीट ते बाजूला काढून सीलबंद ठेवत. तक्रार आली तर तपासता यावे म्हणून. कोणता घाणा किती वाजता भट्टीत गेला, हे ते मिनिटासह सांगत.

मग मी विचारले, "परवाना कुठून काढला?"

"ऑनलाइन, साहेब."

"कुणामार्फत?"

"मीच काढला."

"केव्हा?"

"ते... नेमकं लक्षात नाही."

त्यांच्या पत्नींनी हातातले पाकीट खाली ठेवले, नवऱ्याकडे पाहिले आणि "चहा टाकते," म्हणून त्या आत निघून गेल्या. भट्टीची मिनिटे सांगणाऱ्या माणसाला परवान्याचा महिना आठवेना. चौकशीत माणूस एकाच ठिकाणी अडखळत असेल तर तेथेच थांबावे, हे मी तरुण अधिकाऱ्यांना नेहमी सांगत आलो. त्या क्षणी माझी खात्री झाली की हा माणूस खोटे बोलत आहे. ते खरेही होते. ते कशाविषयी खोटे बोलत होते, याबद्दल मात्र माझा अंदाज साफ चुकला होता.

बाहेर गाळ्याचे मालक उभे होते. जुन्या गावकी घराण्यातले, पांढरा सदरा घातलेले.

"सायेब, मानूस चांगला हाय, त्यात वाद न्हाई. पन आमच्या जागंत आजपत्तूर पोलिसाचा पाय पडला न्हाई. शनवारपत्तूर वाट बघतो. आरोपी ठरला तर गाळ्याला कुलूप."

"अहो, तपास तरी होऊ द्या."

"करा की तपास. आमी कुठं न्हाई म्हनतो? कुलूप आमचं हाय, येवढंच सांगितलं."

थोडक्यात, माझ्या कागदावर त्या गृहस्थांच्या नावापुढे 'आरोपी' लिहिले जाते की 'साक्षीदार', यावर तो उद्योग राहणार की जाणार हे ठरणार होते. आणि माझ्या हाती पाच दिवस होते.

मंगळवारी त्यांना नोटीस देऊन ठाण्यात बोलावले. तीन तास बसवले. उत्तर तेच: ऑनलाइन, मीच, लक्षात नाही. आवाज चढवून उपयोग होणार नाही हे दिसत होते. ते घाबरत होते, पण बधत नव्हते.

बुधवारी दोन पंचांसमक्ष गाळ्याची रीतसर झडती घेतली. नव्या नियमाप्रमाणे हवालदार मोबाईलवर चित्रीकरण करत होता. परवान्याचा तो कागद एका लिफाफ्यात मिळाला; नाव आणि पत्ता त्यांचा, क्रमांक फरसाणवाल्यांचा. कागदावरून आणखी काही कळेना. निघताना दाराशी टांगलेली एक जाड वही माझ्या हाताला लागली. गाळ्यात येणाऱ्या प्रत्येक वस्तूची तीत नोंद होती. रकाने हाताने आखलेले: वस्तू, नग, पुरवठादार, तपासणी, शेरा. बाजरीचे पीठ, दोन पोती, ओके. पुठ्ठ्याची खोकी, पन्नास, दोन ओली, परत. मी सहज पाने मागे उलटत गेलो आणि एका ओळीवर थांबलो.

'परवाना, १ नग. तपासणी: नजरेने. ओके.'

पुरवठादाराच्या रकान्यात एका एजंटचे नाव आणि मोबाईल क्रमांक होता.

बावीस वर्षांची सवय! ज्या नावासाठी तो माणूस तीन तास तोंड मिटून बसला, ते नाव त्याने दारावर टांगून ठेवले होते, कारण नोंद न करता वस्तू आत घेणे त्याला जमतच नव्हते. हवालदार हसू लागला. मी मात्र त्या नोंदीच्या वरच्या ओळी वाचत होतो. महिनाभरात तीन वेळा तीच नोंद होती: 'परवाना. आला नाही. पुरवठादाराचे म्हणणे: लागत नाही. अमान्य.'

हे मला पटकन उलगडले नाही, हे कबूल करतो.

एजंट संत तुकाराम नगरमध्ये एका झेरॉक्सच्या दुकानावर बसत असे. त्याच्या कपाटात फरसाणवाल्यांची फाईल मिळाली. त्यांच्या परवान्याचे नूतनीकरण यानेच केले होते. संगणकात त्यांच्या परवान्यावरचे नाव आणि पत्ता बदललेली प्रतही सापडली. नाकारण्यासारखे काही उरले नव्हते आणि त्यानेही फार प्रयत्न केला नाही.

"साहेब, खरं सांगू? या धंद्यात पहिल्यांदाच गिऱ्हाईकाला खरं बोललो होतो. तीनदा! म्हटलं, दादा, हे माणसाच्या खाण्याचं लायसन्स आहे, कुत्र्याच्या खाण्याला लागत नाही. महापालिका, प्रदूषण मंडळ, वजनमापं, जीएसटी, हे सगळं तुमचं झालंय, बास. तर म्हणतात, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्या एजंटकडे जातो."

"मग?"

"मग म्हटलं, जमतं की."

त्या संध्याकाळी बिस्किटवाल्यांना पुन्हा बोलावले. त्यांच्या पत्नीही आल्या आणि दाराजवळच्या बाकावर बसल्या. मी वही उघडून त्या चार ओळी त्यांच्यासमोर ठेवल्या. ते बराच वेळ वाचत राहिले, जणू अक्षर दुसऱ्याचे होते.

"साहेब, बावीस वर्षं मी कागदाशिवाय माल आत घेतला नाही. ट्रक गेटवर उभा असायचा, ड्रायव्हर शिव्या घालायचा, प्रोडक्शनवाले फोन करायचे. पण सर्टिफिकेट नाही तर माल नाही. आता माझा माल बाहेर जाणार, खायचा माल, आणि त्यावर परवाना नाही? मला वाटलं पोरगं काम टाळतंय."

"आणि कागद आल्यावर तो खरा आहे का, हे का पाहिलं नाही? नंबर टाकला असता तर मोबाईलवर कळलं असतं."

"पाहिला ना. नाव बरोबर, पत्ता बरोबर, शिक्का होता. माल तपासायचो साहेब. सर्टिफिकेट आलंय की नाही, एवढंच बघायचं असायचं. ते खरं आहे का, हे आमच्या चेकशीटमध्ये नव्हतं."

"मग एजंटचं नाव का लपवलंत?"

त्यांनी बाकाकडे पाहिले. "हिनं तेव्हाच सांगितलं होतं, तो लागत नाही म्हणतोय तर सोडा. मी म्हटलं, तुला कंपनीतलं काय कळतं."

"आता कळली सगळी कंपनी," त्या बाकावरून म्हणाल्या. "ठाण्यासकट."

शुक्रवारी सकाळी कार्यालयाचे उत्तर आले. क्रमांक फरसाणवाल्यांचाच होता आणि पाळीव प्राण्यांचे खाद्य त्या कार्यालयाच्या परवान्याच्या कक्षेत येत नव्हते. म्हणजे ज्या कागदासाठी हे सारे घडले, त्या कागदाची गरजच नव्हती. माझे वरिष्ठ तरीही म्हणाले, "बनावट कागद वापरलाय. आरोपी करून मोकळे व्हा, न्यायालय बघून घेईल." त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. परंतु खोटा आहे हे माहीत असून वापरला, असे दिसल्याशिवाय तो गुन्हा ठरत नाही. ज्या माणसाने तीन वेळा 'अमान्य' लिहिले आणि ओली खोकी परत पाठवली, तो जाणूनबुजून खोट्या वस्तूपुढे 'ओके' लिहील, हे माझ्या मनाला पटेना. ती वही पोलिसांसाठी लिहिलेली नव्हती. मी तसा अहवाल दिला. एजंटला आरोपी केले, बिस्किटवाल्यांचा साक्षीदार म्हणून जबाब घेतला. वरिष्ठांनी अहवाल दोनदा वाचून सही केली.

बिस्किटवाल्यांनी दुकानांतली सगळी पाकिटे परत मागवली आणि फरसाणवाल्यांसोबत ते स्वतः त्या कँटीनमध्ये जाऊन चूक सांगून आले. फरसाणवाले नंतर मला म्हणाले, "माणूस वाईट नाही हो. पण परत येताना माझ्या शेवेची जाडी मोजली त्यानं."

शनिवारी गाळ्याचे मालक कुलूप घेऊनच ठाण्यात आले.

"साक्षीदार म्हंजी आपल्या बाजूचा का सायेब?"

"व्हय," मी म्हणालो. ते कुलूप खिशात घालून परत गेले.

माझा निर्णय शंभर टक्के बरोबर होता, असे ठामपणे सांगण्याचे धाडस मला आजही होत नाही. मात्र या तपासाने माझी एक जुनी समजूत मोडली. माणसे आपण केलेले लपवतात, हे मी उमेदवारीच्या काळापासून जाणून होतो. आपल्याला खरे सांगितले गेले होते आणि आपण ते ऐकले नाही, हे त्याहून खोल पुरून ठेवतात, हे मला निवृत्तीच्या उंबरठ्यावर कळले. शेवटच्या वर्षात मी प्रत्येक चौकशीत एक प्रश्न वाढवला: हे करू नका, किंवा याची गरज नाही, असे तुम्हाला कोणी सांगितले होते काय? हा प्रश्न विचारला की बहुतेक माणसे आधी पाणी मागत आणि मग बोलू लागत.