तळ्यापाशी

पंढरी काटकरच्या दुकानाला पाटी नव्हती. बेलापुरात, डोंगराच्या पायथ्याशी, गोटीरामशेठच्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा सायकली उभ्या असत आणि प्रत्येकीच्या मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेला असे. लोकांना तेवढं पुरत होतं. रविवारी सकाळी सोसायट्यांमधली पोरं, बँकेतले कारकून, नव्यानं लग्न झालेली जोडपी यायची, तासाच्या भाड्यानं सायकल घ्यायची आणि जंगलखात्याच्या फाटकातून डोंगरातल्या वाटेला लागायची.

सायकल हातात देताना पंढरी वाट सांगायचा. "पयल्या वळणाला उंबर लागंल. तिथं उतरा, ढकलत न्या. दुसऱ्या वळणाला मागं वळून बघा, खाडी दिसती, वाळत घातलेल्या धोतरावानी. उतरताना मागचा ब्रेक आधी दाबा, मग पुढचा."

ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस रोज वर जातो. पंढरी एकदाही वर गेला नव्हता. वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोणी वाहता वाहता त्याची कंबर गेली होती. डावा पाय मांडीपासून बधिर होता. सायकली दुरुस्त करायच्या, चालवायच्या मात्र नाहीत, असं त्याचं चाललं होतं. वाटेबद्दलचा शब्दन् शब्द त्याच्या मुलीचा होता. ते वाळत घातलेलं धोतरसुद्धा तिचंच.

दुरुस्त केलेली सायकल गिऱ्हाइकाला देण्याआधी डोंगरावर नेऊन उतारावर ब्रेक बघायचा, हे काम राजेश्वरी चौदाव्या वर्षापासून करायची. खाली येऊन सांगायची, "नाना, नऊ नंबरचा मागचा ब्रेक फसवतोय." आणि मग वरचं सगळं सांगत बसायची. तिसऱ्या वळणाच्या वर तळं आहे. पांढरी फुलं असतात. बगळे बसतात. पंढरी ऐकायचा आणि रविवारी गिऱ्हाइकांना सांगायचा.

तिला अठरावं सरलं तेव्हा तासाच्या कामाला ती दोन तास लावू लागली होती.

"एवढा येळ काय करतीस गं वर?" तिची आई, वेणूबाई, विचारायची.

"तळ्यापाशी बसते."

"रोज?"

"रोज कुठं? ब्रेक बिघडला तरच. नानांना म्हणावं, जरा वाईट दुरुस्त करत जा."

वेणूबाई हसली होती तेव्हा. पण मे महिन्यात बाबासो दुकानात आला. तो पंढरीच्या गावचा, माणमधल्या एकाच आळीतला, अजून मार्केटात गोणी वाहणारा. त्यानं बसायच्या आधीच विषय काढला.

"लोकं बोलायल्यात, पंढरी. पोरगी वर कुणाला भेटती?"

"कुणाला न्हाय. तळ्यापाशी बसती."

"बघून येतो तुझं तळं." त्यानं चार नंबर काढली. दीड तासानं घामाघूम होऊन खाली आला. "कसलं तळं अन् कसलं काय! वाळल्या गवताचा माळ हाय नुसता. दोन म्हशी बसल्यात. त्यास्नीच भेटत आसंल तुझी लेक."

राजेश्वरी तिथंच साखळीला तेल घालत होती. "उन्हाळ्यात आटतं ते," ती म्हणाली. मान वर केली नाही.

तळी आटतात हे पंढरीला कुणी शिकवायला नको होतं. त्याच्या गावचं तळं संक्रांतीला तळ दाखवायचं. पण ते दुष्काळी माणमध्ये. इथं चार महिने असा पाऊस पडायचा की सीटखाली बुरशी धरायची, भिंतीवर गवत उगवायचं. अशा मुलखात तळं आटेल? पोरीनं बहाणासुद्धा गावाकडचा उचलला, असं त्याला वाटलं. शेजारी खुर्ची टाकून गोटीरामशेठ बसलेले असायचे. ह्याच डोंगराखाली जन्मलेला माणूस. त्यांना विचारावं असं मनात आलं नाही असं नाही. पण घरातली गोष्ट बाहेरच्याला कशाला?

महिन्याच्या आत पोरीचं लग्न लावून दिलं. मुलगा खटावकडचा, पिठाची गिरणी असलेला. राजेश्वरी रडली नाही. जाताना म्हणाली, "नऊ नंबरला नवं रबर टाका."

त्यानंतर पंढरीची वाट दुसऱ्या वळणाशी संपू लागली. खाडी सांगून झाली की तो हँडल सोडायचा. घरी दोघं जेवायची. मीठ, रॉकेल, नळाला पाणी आलं का, एवढं बोलणं व्हायचं. एकदा चाकाची तार त्याच्या अंगठ्यात शिरली. टायरवर रक्त दिसलं तेव्हा कुठं त्याला जखम कळली. लेक खोटं बोलली होती, म्हणून आपण केलं ते बरोबर होतं. हे तो स्वतःला रोज सांगत नव्हता. सांगायची गरजही उरली नव्हती.

गणपती होऊन गेल्यावर एका रविवारी एक जोडपं सायकली परत करायला आलं. नवऱ्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली.

"काय काका, उंबर सांगता, खाडी सांगता, आणि खरी गोष्ट लपवून ठेवता?"

"कुठली?"

"वर एवढं भारी तळं आहे ना!"

"हे तर पोहायलाच निघाले होते," बायको म्हणाली. "मी कॉलर धरली म्हणून."

तिच्या हँडलला एक पांढरं फूल खोचलेलं होतं. पंढरीनं सायकल लावून घेतली. मागच्या चाकाच्या तारांत हिरवं शेवाळ अडकलं होतं. ते त्यानं बोटांनी सोडवलं आणि तसंच मुठीत धरून उभा राहिला. जोडपं गेल्यावर त्यानं विचारलं,

"गोटीरामशेठ, वर तळं हाय?"

"हाय ना. आमच्या आजापासून हाय."

"मग मे महिन्यात नव्हतं ते?"

"मे म्हैन्यात पानी कुठचा? दिवालीनंतर आटाया लागतं. पन आमी त्याला तलाच बोलतो. तल्यावर म्हशी न्हेल्या, बोलतो. जागेचं नाव हाय तां."

"तुमी बोलला न्हाईत कधी."

"तुमी मना इचारला कवा?"

ती 'तळ्यापाशी' बसते म्हणाली होती. 'पाण्यापाशी' म्हणाली नव्हती.

दुपारी तो नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेला. गिरणीशेजारच्या किराणा दुकानाचा नंबर त्याच्याकडे होता. तिकडून कुणीतरी म्हणालं, बोलावतो, दहा मिनिटांनी लावा. तो बूथच्या काचेला टेकून थांबला. पुन्हा लावला.

"नाना? आई बरी हाय नव्हं?"

"बरी हाय."

"मग?"

"वर तळं हाय, राजे."

फोनमध्ये गिरणीचा पट्टा फिरत असल्याचा आवाज येत होता.

"फुलं आलीत का?" तिनं विचारलं.

"आलीत."

"या दिसांत येत्यात."

त्याला आणखी काहीतरी म्हणायचं होतं.

"गिऱ्हाइकांना सांगा," तीच म्हणाली, "कडंला शेवाळ हाय, पाय घसरतो. ठेवू? दळण खोळंबलंय."

"ठेव."

पुढच्या रविवारी पहिलं गिऱ्हाईक आलं. पंढरीनं नऊ नंबर काढली. उंबर सांगितला, खाडी सांगितली. मग थांबला. गिऱ्हाइकाला वाटलं संपलं, त्यानं टांग टाकली. पंढरीनं हँडल धरलं.

"तिसऱ्या वळणाच्या वर तळं हाय. कडंला शेवाळ हाय, जपून. दिवाळीपातुर पाणी ऱ्हातं, मग आटतं."

"तुम्ही बघितलंय?"

"न्हाय. माझ्या पोरीनं बघितलंय."