केबलभोवतीचा कागद

कपाट आवरताना जुन्या हार्ड डिस्कची रुंद, करडी केबल हाताला लागली. तिच्याभोवती बाबांच्या अक्षरातला कागद गुंडाळलेला होता.

बाबा निवृत्त विज्ञानशिक्षक. जुन्या डिस्कवरचं विंडोज बिघडलं होतं, पण त्यांची सगळी टिपणं तिच्यावर होती. म्हणून काही वर्षांपूर्वी बिबवेवाडीच्या घरात मी एका नव्या, बारीक केबलच्या सॅटा डिस्कवर विंडोज टाकून ती चालवून पाहिली, मग जुनी तिच्याशेजारी जोडली, आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. काळा पडदा, त्यावर एकच पांढरी ओळ. तापलेल्या धुळीचा वास, पत्र्याने कापलेलं बोट. बाबा शेजारी बसून प्रत्येक प्रयत्न लिहून ठेवत होते.

"आपण इंजिनियर ना?" त्यांनी मला चिडवलं.

"बाबा, जरा गप्प बसा हो."

ते पुन्हा कागदावर लिहू लागले. संध्याकाळी ते फिरायला गेल्यावर मी जुनी डिस्क काढली, तर कॉम्प्युटर लगेच सुरू झाला. म्हणजे तीच खराब, असं ठरवून मी ती भंगारवाल्याला देऊन टाकली. परत आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "बरं."

कागद आज पहिल्यांदा वाचला.

"नवी एकटी: सुरू. दोन्ही: बंद. सेटिंगमध्ये दोन्ही दिसतात; सुरू होण्याच्या क्रमात जुनी पहिली, तिचं विंडोज बिघडलेलं. म्हणजे जुनी खराब नाही. क्रम बदलून पाहावा."

खाली बारीक अक्षरात: "तो शांत झाल्यावर सांगणे."