ओल्या फडक्यातल्या सिगारी

मी जन्मात कधी सिगार ओढली नाही. पण कोणत्या मुलखाच्या माणसाला कसली सिगार लागते ते मला विचारा, पान लावता लावता सांगते. हे सगळं मला चाचांनी शिकवलं. आणि त्या चाचांचं मी काय करून ठेवलं, ते आज लिहायला बसलेय. सून म्हणाली, आई, तोंडानं सांगितलंत ना एकदा, आता लिहायचं कशाला? तिला काय सांगू. तोंडानं सांगितलेलं चार भिंतींत राहिलं. मी केलं होतं ते मात्र भर बाजारात केलं होतं.

छावणीत बाजाराच्या तोंडाशी चाचांचं तंबाखूचं दुकान होतं. आमचे हे गेले तेव्हा मी पानाचं तबक घेऊन कुठं बसावं म्हणून हिंडत होते, तर चाचा म्हणाले, "बैठो बाई इधर. ओटा क्या मैं साथ लेके जानेवाला हूं?" त्या ओट्यावर मी वीस वर्षं बसले. आत त्यांचं काचेचं कपाट, बाहेर माझं तबक. चाचा माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे, विधुर, बारीक अंगाचे, आणि स्वतः सुपारीसुद्धा न खाणारे.

गिऱ्हाईक म्हणाल तर विडी-सिगारेटवालेच जास्त. पण सिगारीसाठी लांबून लोक यायचे. वाळूजच्या कारखान्यांत मशिनी बसवायला आलेले गोरे इंजिनियर असायचे, वेरूळ बघून परतणारे पाहुणे असायचे. माणूस ओट्याची पायरी चढेपर्यंत चाचांनी त्याचा देश ओळखलेला असायचा. जर्मन नाहीतर हॉलंडचा असला की पत्र्याचा डबा निघायचा. त्यात बोटभर लांबीच्या, बारीक, कडक वाळलेल्या सिगारी. त्या लोकांना ओलावा अजिबात चालत नाही. चाचा एक सिगार कानाजवळ धरून बोटांत फिरवायचे, बारीक कुरकुर ऐकू आली की मगच द्यायचे. अमेरिकेच्या माणसाला ती काडी वाटायची. त्याला अंगठ्यापेक्षा जाड, काळपट, दाबली तर मऊ लागणारी हवी. ती लाकडी पेटीत असायची आणि पेटीत कायम एक ओला स्पंज. इंग्रज म्हातारे मधल्या जाडीची, सौम्य मागायचे. जपानी माणसाला लहानशी पुरे, पण वरच्या पानावर एक सुरकुती दिसली तरी तो हसून नमस्कार करून ती परत ठेवायचा. आणि आपल्याकडचे? लग्नात फोटोपुरती हातात धरायला न्यायचे, कोणतीही द्या.

मी एकदा म्हणलं, चाचा, शेवटी तंबाखूचंच पान ना, मग एवढी नाटकं कशाला? तर म्हणाले, तुझ्याकडं कुणी कलकत्ता मागतो, कुणी मगई, एकाला कडक लागतं, एकाला तोंडात विरघळणारं. त्यांना कधी नाटकी म्हणालीस का?

त्यांची याददाश्त तर अशी, की दोन वर्षांनी उगवलेल्या माणसाच्या हातात न विचारता त्याचीच सिगार. चार वाजता आत स्टोव्हवर चहा करायचे, तोही ज्याचा त्याला वेगळा.

तर झालं असं. सिल्लोडला त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. चार दिवस जाणार होते. मुलाचं मोबाईलचं दुकान वेगळीकडं, त्याला इकडं बघायला फुरसत नाय. चाचांनी कपाटाची चावी माझ्याकडं दिली. मुलाकडं नाय, माझ्याकडं. म्हणाले, लाकडी पेटीतला स्पंज तेवढा ओला ठेव, बाकी कशाला हात लावू नकोस.

पहिल्या दिवशी मी स्पंज ओला केला. मग कपाट पुसायला घेतलं, कुणी सांगितलं होतं? पुसताना पत्र्याचे डबे उघडले. आतल्या सिगारी हातात घेतल्या तर कुरकुर वाजल्या. आता बघा, ती कुरकुर मी कानांनी वीस वर्षं ऐकलेली. अर्थही माहीत होता. पण हात पानवालीचे ना. पान वाजलं की पान मेलं, हे या हातांत इतकं मुरलंय की डोकं मागं पडतं. त्यात मे महिना, बाहेर फुफाटा. मला वाटलं, एवढं वाळलेलं तर जर्मनालासुद्धा नको असणार. चाचांचं वय झालंय, लक्ष राहिलं नसेल. व्हय, हे मीच सगळ्यात आधी म्हणलं. त्यांचं लक्ष राहत नाय, हे पहिल्यांदा माझ्याच मनात आलं.

मग मी माझं लाल फडकं भिजवलं, घट्ट पिळलं आणि मगईची पानं गुंडाळते तशा दोन्ही डब्यांतल्या सिगारी त्यात गुंडाळून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सोडल्या तर कशा मऊ झालेल्या. डब्यांत रचल्या, झाकणं दाबून लावली. आल्यावर चाचा खूश होतील, असं मनात घेऊन दोन दिवस बसले. ते आले तेव्हा गिऱ्हाइकांची गर्दी होती, सांगायचं राहून गेलं. मग विसरलेच.

पंधरा दिवसांनी वाळूजचा म्हातारा जर्मन आला. मायदेशी परत निघाला होता, दोन्ही डबे घेऊन जायचे म्हणाला. त्या दिवशी नेमका चाचांचा मुलगाही काही कागद द्यायला आलेला. चाचांनी झाकण काढलं आणि वास आला. सिगारी फुगून उकललेल्या, वर पांढरी बुरशी. दुसरा डबाही तसाच. जर्मनानं एक उचलून नाकाजवळ नेली, हळूच परत ठेवली. मग चाचांच्या खांद्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवतात तसा, आणि गेला.

मुलगा म्हणाला, अब्बा, स्पंज चुकून डब्यात ठेवलात का? चाचा डब्याकडं बघत राहिले. कपाळाला हात लावून आठवायला लागले. जे घडलंच नाय ते माणूस कुठून आठवणार? मग म्हणाले, "मेरे से ही हुआ होगा."

मी तीन हात अंतरावर होते. हातातल्या पानाला कात लावत होते, लावतच राहिले, समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, मावशी, बास की. तेव्हा सांगायचं होतं. पण मुलाच्या मनात आपलं मोबाईलचं दुकान तिथं आणायचं होतं, हे मला ठाऊक होतं. मी चूक कबूल केली तर आधी माझं तबक ओट्यावरून उतरेल, हे पान मुडपता मुडपता मला सुचलं. माणसाचं डोकं अशा वेळी किती पटकन चालतं.

पावसाळा संपायच्या आत काचेचं कपाट निघालं. तिथं मोबाईलची कव्हरं लटकली. चाचा घरी बसले. माझं तबक मात्र मुलानं राहू दिलं, म्हणाला, मावशी, अब्बांच्या वेळेपासूनच्या आहात तुम्ही. ते ऐकून मला ओटा टोचायला लागला, तरी उठले नाही.

त्यांची सून मसाला पान न्यायला यायची, तिच्याकडून कळायचं. आता अब्बांना गोळ्या हातात द्यायला लागतात, ते स्वतःच मागतात, म्हणतात माझा भरवसा नको. आता गॅसला हात लावत नाहीत. मग एके दिवशी ती सहज बोलून गेली की आम्ही बाहेर जाताना दाराला बाहेरून कडी घालतो, अब्बाच म्हणाले घाला म्हणून.

त्या दिवशी माझ्या हातून एकही पान नीट लागलं नाही. तीन वर्षं मी असं समजत होते की मी त्यांचं दुकान बुडवलं. त्याचीच लाज वाटून घेत होते. दुकानाबरोबर आणखी काय बुडालं ते कडीवरून कळलं.

शुक्रवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. घरात सगळे होते. चाचा खाटेवर बसलेले, दाढी वाढलेली. मला ओळखतील का, असा विचार माझ्या मनात आला. बघा, तेव्हासुद्धा आला. मी उभ्यानंच सांगून टाकलं, फडक्यापासून झाकणापर्यंत. चाचा ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "फिरसे बोलो. बेटे के सामने बोलो."

मुलाला बोलावलं, सूनही आली. मी दुसऱ्यांदा सांगितलं. पहिल्यापेक्षा कठीण गेलं, कारण या वेळी चाचा माझ्याकडं न बघता मुलाच्या तोंडाकडं बघत होते. मुलगा खाली बघायला लागला. मग चाचा मला म्हणाले, "तीन साल से मैं समझरा था, मेरा दिमाग गया. रात को उठ उठ के अपने बच्चों के नाम गिनता था."

माफ करा म्हणायला माझं तोंड उघडलं. त्यांनी हातानंच थांबवलं. रागावले असते तर बरं झालं असतं, मी म्हणत होते. नाय रागावले. माफही नाय केलं. खाटेवरून उठले, भिंतीला हात न लावता चालत स्वयंपाकघरात गेले. सून मागं धावली, तिला परत पाठवलं. गॅस पेटल्याचा आवाज आला. आम्ही तिघं बाहेर बसलेलो. आत आलं ठेचत होते.

चहा घेऊन आले. मुलाला दिला, सुनेला दिला. मग माझ्यापुढं कप ठेवला आणि खाटेवर जाऊन बसले. मी घोट घेतला. बिनसाखरेचा, आलं जास्त, दूध नावाला. माझाच होता.

तो मला संपवता आला नाही. कप तसाच ठेवून उठले. बाहेर पडताना माझं लक्ष दाराच्या कडीकडं गेलं. गुळगुळीत झाली होती, वापरून वापरून.