तीन तारे

गेल्या डिसेंबरात, कामोठ्याच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, आई-वडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला वडिलांच्या आवडीची म्हणून जी गाणी लावली, ती त्यांना मुळीच आवडत नव्हती. तिसऱ्या गाण्याला ते उठून बाहेर गेले.

गाणी मी निवडली होती. घरातल्या संगणकावर वडिलांनी गाण्यांचा मोठा साठा केला आहे आणि प्रत्येक गाण्यापुढे एक ते पाच तारे देऊन ठेवले आहेत. मी पाच ताऱ्यांची गाणी पेन ड्राइव्हवर घेतली. त्यात बहुतेक हळदीत वाजणारी डीजेची गाणी होती. मला ते विचित्र वाटलं, पण तारे त्यांनीच दिले होते.

रात्री जेवताना मी विचारलं. वडील निवृत्त होईपर्यंत वाशीच्या घाऊक बाजारात एका गाळ्यावर कांद्याची प्रतवारी करत. ते म्हणाले, एक नंबर माल म्हणजे एक. पाच नंबरचा माल कोण विकत घेतं?

म्हणजे एक तारा सर्वांत चांगल्याला. मी संगणक उघडून पाहिलं. एका ताऱ्यात जुन्या लावण्या आणि भारुडं होती. हिशेब जुळत होता.

साठ्यात आईचं असं एकच गाणं आहे. त्यांच्या लग्नात, साताऱ्याजवळच्या गावी, मांडवातल्या कर्ण्यावर वाजलेलं एक द्वंद्वगीत. तिने ते मुद्दाम शोधायला लावलं होतं. त्याला किती, असं तिने मला विचारलं. मी पाहून सांगितलं, तीन.

"तीन म्हणजे काय हो?" तिने वडिलांना विचारलं.

"गोल्टी." गोल्टी म्हणजे लहान कांदा, मोठा निवडून काढल्यावर उरलेला.

"इतकी वर्षं झाली, आणि माझं गाणं गोल्टी?"

वडिलांनी भाकरी मोडली. "घरी काय आणत होतो मी? एक नंबर?"

ते खरं होतं. आमच्या घरी कायम गोल्टीच येई. ती स्वस्त म्हणून येई, की तिला चव जास्त म्हणून, हे मी तेव्हा कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं, तर ते म्हणाले, दोन्ही. आई म्हणाली, तिला चव वगैरे काही नसते, सोलता सोलता बोटं दुखतात. मग तिने त्यांना आणखी आमटी वाढली. ती रागावली होती की नाही, मला कळलं नाही.

सकाळी संगणक सुरू केला तेव्हा त्या गाण्यापुढे एकही तारा नव्हता. मी काढले नव्हते. वडील म्हणाले, त्यांनी हात लावला नाही. आई म्हणाली, तिला तारे काढता येत नाहीत.

गाणं साठ्यात आहे.